साठा आणि संपदा : इंग्रजी शब्द शिकविणाऱ्या पुस्तकांविषयी

समीक्षा म्हटली की आपल्या नियतकालिकांत कवितासंग्रह, कादंबरी, फार तर एखादे आत्मचरित्र एवढ्यांचाच विचार होतो. जी पुस्तके घरोघरी प्रत्यक्ष हाताळली जातात, ज्यांच्या कडा मुडपतात आणि ज्यांच्यावर पेन्सिलीच्या खुणा पडतात, त्यांच्याकडे समीक्षकाचे लक्ष सहसा जात नाही. पाकशास्त्र, पंचांग, कोश आणि परीक्षेची पुस्तके ही त्या जातीची. यांपैकी इंग्रजी शब्दसंग्रह वाढविण्याचे आश्वासन देणारी पुस्तके गेल्या काही वर्षांत आपल्या ग्वाल्हेरच्या मराठी घरांत इतकी शिरली आहेत, की त्यांची वाङ्मयीन नसली तरी भाषिक परीक्षा करणे अस्थानी ठरू नये.

महाराज बाड्याच्या परिसरातील कोणत्याही पुस्तकांच्या दुकानात जावे. ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ हे नॉर्मन लुईस यांचे पुस्तक तेथे हमखास मिळते. ते अमेरिकेत १९४९ साली निघाले. इतक्या वर्षांनंतरही ते भारतातील लहानमोठ्या शहरांत खपते, ही गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी नाही. त्याच्याच शेजारी नुसत्या शब्दांच्या याद्या असलेली जाड पुस्तके असतात : एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ, कोठे हिंदी प्रतिशब्द. विकत घेणारा तरुण दोन्हींत फारसा भेद करीत नाही. त्याला ‘अ‍ॅडव्हान्स्ड व्होकॅब्युलरी’ हवी असते. वस्तुतः ही दोन भिन्न प्रकारची पुस्तके आहेत आणि त्यांना एकाच मापाने मोजणे लुईस यांच्यावर अन्याय करण्यासारखे होईल.

लुईस यांचे पुस्तक चांगले आहे, हे प्रथमच सांगितले पाहिजे. वर्णानुक्रम त्यांनी टाळला. माणसांच्या स्वभावाविषयी बोलावयाचे झाल्यास कोणते शब्द लागतात, वैद्यांच्या निरनिराळ्या शाखांना काय म्हणतात, अबोल आणि वाचाळ माणसांचे प्रकार किती, असे एकेक प्रकरण त्यांनी बांधले. शब्द सांगितला की त्याचे ग्रीक वा लॅटिन मूळ सांगावयाचे, त्या मुळापासून निघालेली भावंडे दाखवावयाची आणि मग वाचकाकडून ती वदवून घ्यावयाची, अशी त्यांची पद्धत. मध्येच थांबून ते चार गोष्टी सांगतात, वाचकाला दमू देत नाहीत. गुरुजी हसतमुख असले की पाढेही पाठ होतात, तसा हा प्रकार आहे.

त्यांच्या पुस्तकातील खोटारड्या माणसांवरचे प्रकरण मला सर्वांत सरस वाटते. ‘लायर’ या एका नामाला जोडून येणारी विशेषणे त्यांनी त्यात एकत्र केली आहेत : नोटोरियस, कन्समेट, इन्करिजिबल, इनव्हेटरेट, कन्जेनिटल, पॅथॉलॉजिकल, ग्लिब इत्यादी. खोटे बोलण्याबद्दल ज्याची दुष्कीर्ती झाली आहे तो पहिला. ज्याचे खोटे म्हणजे एक कला आहे तो दुसरा. कितीही समजाविले तरी न सुधारणारा तिसरा. ज्याच्या अंगात ती खोड वर्षानुवर्षे मुरली आहे तो चौथा. या प्रकरणाचे मर्म असे, की शब्द एकटा येत नाही, सोबत्यासह येतो. इंग्रजी जाणणाऱ्याच्या मनात ‘इनव्हेटरेट’ हा शब्द उच्चारताच त्यामागून लायर, स्मोकर, गॅम्बलर असे काही शब्द रांगेने उभे राहतात. ‘इनव्हेटरेट स्कॉलर’ असे कोणी म्हटले, तर तो थट्टा करीत आहे असे समजले जाईल.

आता हेच आपण मराठीत पाहू. चोर ‘अट्टल’ असतो, गुन्हेगार ‘सराईत’ असतो, खोटे बोलणारा ‘पक्का’ किंवा ‘निर्ढावलेला’ असतो, लबाड ‘बिलंदर’ असतो. अट्टल दारुडा चालतो, अट्टल विद्वान चालत नाही. सराईत हात म्हणताना तो हात वाद्यावर फिरणारा आहे की दुसऱ्याच्या खिशात, हे संदर्भावरून ठरते. झोप ‘गाढ’, निराशा ‘घोर’, रंग ‘गडद’, पाऊस ‘मुसळधार’. हे आपल्याला कोणी यादी करून शिकविले नाही. आजीच्या बोलण्यातून, वडिलांच्या रागातून, कीर्तनातून आणि शेजारणींच्या भांडणातून ते अंगात आले. मराठी घरातील मुलाजवळ शब्दांच्या सोबतीची ही जाण तयारच असते. इंग्रजी शिकविताना तिला हात घालणारे एकही पुस्तक बाजारात माझ्या पाहण्यात नाही. लुईस यांना मराठी येण्याचे कारण नव्हते, तेव्हा त्यांना दोष देता येत नाही. परंतु त्यांचे अनुकरण करणाऱ्या आपल्याकडील लेखकांनी हा धडा कधीच गिरविला नाही.

लुईस यांची दुसरी मोठी देणगी म्हणजे धातूंचा मार्ग. हा मार्ग तर आपल्या परंपरेतला. ‘हृ’ या एकाच धातूला उपसर्ग लागून आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार असे परस्परांपासून दूरचे अर्थ कसे निघतात, हे शाळेत संस्कृत घेतलेल्या प्रत्येकाने घोकलेले असते. लॅटिनमधील नेण्याच्या अर्थाचा धातू घेतला, तर इन्ड्यूस, डिड्यूस, रिड्यूस, प्रोड्यूस, सिड्यूस ही मालिका तशीच निघते. पण याहूनही जवळचा एक रस्ता आपल्याला मोकळा आहे आणि तो अमेरिकन वाचकाला नव्हता. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यास संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या समान मुळाविषयी जे प्रतिपादन केले, त्याचा उपयोग आपण अभिमानाने मान ताठ करण्यापुरता करतो. शब्द शिकण्यासाठी करीत नाही.

उदाहरणार्थ, ‘युज्’ म्हणजे जोडणे. त्यापासून योग आणि युग. बैलाच्या मानेवरचे ‘जू’ हे त्या युगाचेच झिजलेले रूप. इंग्रजीतील ‘योक’ म्हणजे जूच. लॅटिनमार्गे आलेले ‘जंक्शन’ म्हणजे जोड. ‘कॉन्जुगल’ म्हणजे एका जुवाला जोडलेल्या दोघांचे, अर्थात दांपत्याचे. ‘सब्जुगेट’ म्हणजे जुवाखाली आणणे. मराठीत ‘गुलामगिरीचे जोखड’ म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर तेच चित्र असते. जीवशास्त्राच्या पुस्तकातला ‘झायगोट’ ग्रीकमार्गे येऊन याच गोत्यात मिळतो. ग्वाल्हेर जंक्शनवर उभ्या असलेल्या मुलाला एवढे सांगितले, तर सब्जुगेट हा शब्द त्याला जन्मभर विसरता यायचा नाही.

दुसरे उदाहरण ‘दा’ धातूचे. डोनेशनमधील देणे उघड दिसते. पण ‘डेटा’ म्हणजे जे दिलेले आहे ते. ‘डोस’ म्हणजे एका वेळी द्यावयाची मात्रा. ‘अँटिडोट’ म्हणजे विषाविरुद्ध दिलेले. आणि ‘अ‍ॅनेक्डोट’ म्हणजे मूळ ग्रीक अर्थाने बाहेर न दिलेले, अप्रकाशित. या शेवटच्या शब्दाच्या आरंभी असलेला नकार तर आपल्या अनादि, अनंत, अनुचित यांतला ‘अन्’ आहे. अद्याप बाहेर न फुटलेली हकीकत सांगताना माणूस आवाज का खाली आणतो, ते या व्युत्पत्तीवरून कळते.

मात्र या मार्गावर एक खड्डा आहे आणि उत्साही मंडळी त्यात हमखास पडतात. ध्वनी जुळला आणि अर्थ जुळला म्हणजे नाते सिद्ध झाले, असे नाही. बदनाम, बदचाल, बदसूरत यांतला फारसी ‘बद’ आणि इंग्रजीतील ‘बॅड’ यांचा अर्थ एक, उच्चारही जवळजवळ एक. तरीही त्यांचा परस्परांशी काही संबंध नाही, असे भाषाशास्त्रज्ञ सांगतात. तो निव्वळ योगायोग आहे. आपल्याकडे प्रत्येक इंग्रजी शब्द संस्कृतातून गेला असे सांगणाऱ्यांची कमतरता नसल्यामुळे हा इशारा देऊन ठेवावा लागतो.

लुईस यांच्या पुस्तकाचे दोष त्यांच्या गुणांच्या पोटातच आहेत. मूळ कळले की शब्द कळला, अशी वाचकाची समजूत होते. वास्तविक मूळ हा केवळ दाराचा कडी-कोयंडा आहे. आत कोण राहते ते निराळे. दुसरे असे, की शब्दाची पायरी कोणती, तो बैठकीत चालतो की स्वयंपाकघरात, हे त्या पुस्तकात फारसे सांगितलेले नसते. जेवणे, भोजन करणे, चार घास खाणे, गिळणे, हादडणे या सर्वांचा अर्थ एकच. परंतु व्याह्यांना ‘गिळून घ्या’ असे कोणी म्हणत नाही. इंग्रजी शब्दांच्या बाबतीत आपल्या मुलांकडून नेमके हेच होते. ‘बिगिन’ येत असताना ‘कमेन्स’ लिहिले म्हणजे गुण वाढतात, ‘टॉक’ऐवजी ‘कॉन्व्हर्स’ म्हटले म्हणजे रुबाब वाढतो, अशी त्यांची श्रद्धा असते. उच्चारांच्या खुणाही त्या पुस्तकात अमेरिकन कानासाठी केलेल्या आहेत. देवनागरीत विचार करणाऱ्यास त्यांचा उपयोग थोडा, गोंधळ अधिक.

जड शब्दांविषयीची ही श्रद्धा मात्र लुईस यांनी दिलेली नाही. ती आपल्याकडे फार आधीपासून आहे. एकोणिसाव्या शतकातील आपल्या पहिल्या इंग्रजी शिकलेल्या पिढ्यांसमोर डॉ. जॉन्सन आणि मेकॉले यांचे गद्य आदर्श म्हणून ठेवले गेले होते. जॉन्सनची ‘रासेलस’ ही कथा कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी मराठीत आणण्यास घेतली आणि विष्णुशास्त्र्यांनी ती पुरी केली. १८७३ साली ती प्रसिद्ध झाली. पुढे ‘निबंधमाले’तही विष्णुशास्त्र्यांनी जॉन्सनविषयी विस्ताराने लिहिले. ज्या गद्यकाराने १७५५ साली स्वतः कोश रचला आणि ज्याची वाक्ये लॅटिन शब्दांनी ओथंबलेली असत, तो गुरुस्थानी बसला म्हणजे शिष्यांना हलका शब्द हलकाच वाटणार. विष्णुशास्त्र्यांनी त्या वळणातून स्वतःचे तेजस्वी मराठी घडविले, ही त्यांची प्रतिभा. सामान्य पदवीधराने मात्र त्यातून केवळ अवजडपणा उचलला आणि तो अर्ज-विनंत्यांत, मानपत्रांत आणि पुढे कचेरीच्या टिपणांत उतरला. ज्या इंग्रजीला आज आपण ‘बाबू इंग्रजी’ म्हणून हसतो, तिची वंशावळ अशी थोरामोठ्यांपर्यंत पोहोचते.

याच काळातील दुसरी परंपरा अगदी उलट टोकाची होती. द्वारकानाथ राघोबा तर्खडकर यांची ‘भाषांतर पाठमाला’ आपल्यापैकी अनेकांच्या आजोबांच्या कपाटात असे. तीन भागांच्या या पाठमालेत शब्दांचा डौल नाही. व्याकरणाचा एक नियम, थोडे शब्द आणि मग भाषांतरासाठी वाक्यांमागून वाक्ये : मराठीतून इंग्रजीत, इंग्रजीतून मराठीत. वाक्ये कधी कधी इतकी कृत्रिम, की ‘तर्खडकरी इंग्रजी’ हा थट्टेचा विषय झाला. थट्टा रास्त आहे. तरी या पाठमालेचा एक गुण आज दुर्मिळ झाला आहे. तिच्यात शब्द वाक्याबाहेर क्वचितच भेटतो आणि प्रत्येक शब्दाला मराठीच्या उंबरठ्यावरून आत यावे लागते. माझ्या पिढीतील ज्यांनी हिंदी माध्यमातून शिकून, घरी आजोबांकडून तर्खडकर गिरवून, पुढे सरकारी नोकरीत इंग्रजी मसुदे लिहिले, त्यांच्या इंग्रजीत अलंकार कमी असतील. पण क्रियापद जागेवर असे.

आणि मग मोल्सवर्थ. शब्दसंग्रहाच्या पुस्तकांच्या चर्चेत त्याचे नाव काढलेले पाहून काहींस आश्चर्य वाटेल, कारण तो मराठी-इंग्रजी कोश. इंग्रजी शिकविणे हा त्याचा हेतूच नव्हे. जेम्स मोल्सवर्थ हा कंपनी सरकारचा लष्करी अधिकारी. जॉर्ज आणि टॉमस कँडी हे बंधू आणि शास्त्रीमंडळी यांच्या साह्याने त्याने १८३१ साली कोशाची पहिली आवृत्ती काढली. १८५७ साली दुसरी, सुमारे ६०,००० शब्दांची. मोल्सवर्थने आरंभिलेला इंग्रजी-मराठी कोश टॉमस कँडी यांनी पुरा केला, तो १८४७ साली निघाला. हे कोश इंग्रज अधिकाऱ्यास आणि मिशनऱ्यास मराठी कळावी म्हणून झाले. परंतु मराठी माणसाने मोल्सवर्थ उघडला, तर तो उलट्या बाजूने वाचता येतो. शब्द आपल्या ओळखीचा, बहुतेक वेळा आजीच्या तोंडचा. आणि त्याचा अर्थ सांगण्यासाठी एका चोखंदळ इंग्रजाने एकामागून एक इंग्रजी शब्द मांडलेले, कारण कोणताच एक त्याला पुरेसा वाटलेला नाही. विशेषतः खळखळ, सळसळ, चुळबुळ असे ध्वन्यनुकारी शब्द आले की त्याची जी तारांबळ उडते, ती इंग्रजीच्या विद्यार्थ्याला मेजवानीच होय. ‘चुळबुळ’ आपल्याला पूर्णपणे कळलेली असते. तिच्यासाठी कोणता इंग्रजी शब्द किती पुरतो आणि कोठे उघडा पडतो, हे आपण स्वतः तपासू शकतो. लुईसच्या वाचकाला ही कसोटी उपलब्ध नसते. त्याला सांगितलेल्या अर्थावर विश्वास ठेवावा लागतो.

कँडींच्या इंग्रजी-मराठी कोशाबद्दल मात्र एवढे कौतुक करता येत नाही. काम प्रचंड, उपयोग मोठा. पण एका इंग्रजी शब्दापुढे मराठी प्रतिशब्दांची रांग लावली आणि त्यांतील भेद सांगितला नाही, की शिकणाऱ्याला सर्व सारखे वाटू लागतात. आजच्या स्वस्त द्विभाषिक कोशांनी नेमका हाच दोष वारशाने घेतला आणि गुण सोडला. ‘ओव्हरसाइट’चा अर्थ ‘देखरेख’ही होतो आणि ‘नजरचूक’ही, ‘सँक्शन’चा अर्थ ‘मंजुरी’ही आणि ‘दंडात्मक निर्बंध’ही. उलट अर्थ एकाच शब्दाच्या पोटात राहतात, तेव्हा रांग लावून काही साधत नाही. उदाहरण द्यावे लागते. १९४०च्या दशकात ए. एस. हॉर्नबी यांनी परकीय विद्यार्थ्यांसाठी कोश केला, तेव्हा शब्द वाक्यात कसा बसतो हे दाखविणे त्यांनी मुख्य मानले. त्या कोशाची पुढची ऑक्सफर्ड आवृत्ती हाताशी असताना याद्यांची पुस्तके कोणी का घ्यावीत, हे मला कळलेले नाही.

याद्यांविषयी आपल्या इतिहासातही बोध घेण्याजोगे काही आहे. शिवछत्रपतींच्या आज्ञेने ‘राज्यव्यवहारकोश’ रचला गेला. कारभारातील फारसी-अरबी शब्दांना त्यात संस्कृत पर्याय दिले. हेतू थोर, रचना पद्यबद्ध, पाठीशी साक्षात राजसत्ता. तरीही सरकार, कचेरी, अर्ज, दरखास्त, हुकूम, जमीन हे शब्द पेशवाईत राहिले, शिंद्यांच्या फौजांबरोबर उत्तरेत आले, लष्करातील आपल्या वाड्यांमधील मोडी कागदांत राहिले आणि आजही आपल्या तोंडी आहेत. महाराष्ट्र शासनाने १९६२ साली ‘पदनाम कोश’ काढला, तेव्हा त्याची ‘बदनाम कोश’ म्हणून टवाळी झाली. तरी त्यातील आणि त्या सुमारास घडविलेले कितीतरी शब्द आज कोणाला खटकत नाहीत, कारण ते फलकांवर, अर्जांवर, वर्तमानपत्रांत रोज दिसत राहिले. यादीत आल्याने शब्द जगत नाही आणि टवाळीने मरत नाही. तो रोज किती वेळा कामाला येतो, यावर सारे असते.

हाच निष्कर्ष इंग्रजी शिकविणाऱ्या अभ्यासकांनी आकड्यांनी काढला. त्यातील आद्य मायकेल वेस्ट हे तर आपल्याच उपखंडात, ढाक्यास शिक्षणखात्यात होते. बंगाली मुलांना इंग्रजी वाचता यावे म्हणून नेमके कोणते शब्द आधी शिकवावेत, या प्रश्नातून त्यांचे काम सुरू झाले आणि १९५३ साली सुमारे २,००० अत्यावश्यक शब्दांची त्यांची प्रसिद्ध सूची निघाली. सामान्य लिखित इंग्रजीचा सुमारे ८० टक्के भाग एवढ्या शब्दांनी व्यापला जातो. न्यूझीलंडचे पॉल नेशन यांनी २००६ साली दाखविले, की कादंबरी वा वर्तमानपत्र कोणाच्या मदतीवाचून वाचण्यास आठ ते नऊ हजार शब्दकुले लागतात. त्याच देशातील अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली उच्च शिक्षणातील ग्रंथांत वारंवार येणाऱ्या ५७० शब्दकुलांची सूची केली. तीत अ‍ॅनलाइझ, अझ्यूम, कॉन्टेक्स्ट असे साधे दिसणारे शब्द आहेत. परीक्षार्थी ज्यांच्यासाठी रात्री जागवितो, ते विचित्र शब्द तीत शोधूनही सापडत नाहीत.

ज्या परीक्षांच्या धाकाने हा सारा पसारा वाढला, त्यांनीही मार्ग बदलला आहे. अमेरिकेतील उच्च शिक्षणासाठी असलेल्या जीआरई परीक्षेकरिता ३,५०० शब्दांची एक यादी आपल्याकडे एकेकाळी पोथीसारखी पारायणाला लावली जात असे. ऑगस्ट २०११मध्ये त्या परीक्षेतून विरुद्धार्थी शब्दांचे आणि शब्दसंबंधांचे सुटे प्रश्न काढून टाकण्यात आले. शब्द वाक्यातून विचारले जाऊ लागले. तेथील महाविद्यालयीन प्रवेशाच्या सॅट परीक्षेनेही २०१६पासून दुर्मिळ शब्दांचा नाद सोडला. यजमानांनी मूर्ती विसर्जित केली, तरी आपल्याकडे आरती चालूच आहे. बाजारात ती यादी अजून विकली जाते.

येथे माझ्या जुन्या व्यवसायातील थोडे सांगितल्यास वाचकांनी क्षमा करावी. मध्यप्रदेशात १९५७च्या राजभाषा अधिनियमापासून शासनाची भाषा हिंदी. टिपणे हिंदीत, आदेश हिंदीत. पण प्रकरण उच्च न्यायालयाच्या ग्वाल्हेर खंडपीठासमोर गेले, की शासनाचे उत्तर प्रामुख्याने इंग्रजीत तयार करावयाचे. तेथे जे शब्द माणसाला तारतात किंवा बुडवितात, ते कोणत्याही ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ पुस्तकात नसतात. ‘मे’ आणि ‘शॅल’ हे त्यांतील सर्वांत मोठे. नियमात एक असेल तर अधिकाऱ्याला करता येईल, दुसरा असेल तर त्याला करावेच लागेल. आणि न्यायालये कधी कधी संदर्भ पाहून ‘मे’चाही अर्थ ‘शॅल’ असा लावतात. हिंदीत ‘कर सकेगा’ आणि ‘करेगा’, मराठीत ‘करता येईल’ आणि ‘करील’. ‘सब्जेक्ट टू’ म्हणजे हे कलम दुसऱ्या कलमाखाली वाकते. ‘नॉटविथस्टँडिंग’ म्हणजे दुसरे कलम याच्यापुढे वाकते. दोन शब्दसमूह, नेमक्या उलट दिशा. ‘डीम्ड’ म्हणजे वस्तुस्थिती तशी नसली तरी कायद्याने तशी समजावयाची. एखाद्याचे निवृत्तिवेतन, एखाद्या विधवेची अनुकंपा नियुक्ती, एखाद्या शेतकऱ्याचा भूसंपादनाचा मोबदला या चिमुकल्या शब्दांवर तोललेला असतो. ‘फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन’ पाठ असलेला उमेदवार मुलाखतीत टाळ्या घेईल. ‘सब्जेक्ट टू’ न कळलेला अधिकारी मात्र दुसऱ्याचे नुकसान करील. प्रगत शब्दसंपदा कोणती, हे ठरविताना या गोष्टीकडे पाहावे असे मला वाटते.

आता आपल्या घरांकडे. दौलतराव शिंद्यांनी १८१०मध्ये येथे तळ दिला आणि लष्कर वसले, तेव्हापासून आपल्या कुटुंबांनी एकाहून अधिक भाषा बाळगल्या आहेत. घरात मराठी, दरबारात आणि दप्तरात मोडी, फारसी व उर्दूचे संस्कार, रस्त्यावर हिंदी आणि ब्रजभाषेचा लहेजा, व्हिक्टोरिया कॉलेजात (आजचे महाराणी लक्ष्मीबाई महाविद्यालय) इंग्रजी. एक भाषा आली म्हणून दुसरी घालविण्याचा प्रश्न त्या लोकांना कधी पडला नाही. राजकवी भा. रा. तांबे यांनी याच शहरात राहून मराठी काव्याला नवे वळण दिले. त्यांचे शिक्षण, नोकरी आणि भोवताल बहुभाषिक होते.

आज मात्र आपल्या काही घरांत निराळे धोरण दिसते. मुलाचे इंग्रजी पक्के व्हावे म्हणून त्याच्याशी मराठीत बोलू नये, असा सल्ला आईवडिलांना दिला जातो आणि तो पाळलाही जातो. परिणामी मुलाजवळ तीन भाषांचे अर्धे अर्धे शब्द उरतात. ‘मेलँकली’ त्याने पुस्तकातून पाठ केलेला असतो; पण हुरहूर, खिन्नता, उदासी, विषण्णता यांतले अंतर त्याच्या अनुभवात कोणी घातलेले नसते. मग तो शब्द ठेवणार कोठे? आधी खण हवा, मग वस्तू. ‘एम्पथी’साठी आपण ‘समानुभूती’ हा शब्द नव्याने घडविला. तो ज्याला चटकन कळतो त्याला ‘सहानुभूती’ आधी कळलेली असते. ज्याला ‘रुसणे’ आणि ‘रागावणे’ यांतला भेद ठाऊक आहे, तो इंग्रजीतील ‘सल्क’ शब्दापाशी थांबतो, त्याला तपासून पाहतो, आणि यात लाडकेपणाची अपेक्षा नाही, हे त्याच्या लक्षात येते. तो शब्द त्याला खऱ्या अर्थाने आला. उलट बाजूने, पुढच्या पिढीला माहेर, उष्टे, सोवळे, ओवाळणी हे शब्दच ऐकू आले नाहीत, तर इंग्रजीत त्यांना प्रतिशब्द नाही ही खंतही तिला वाटणार नाही.

हे मराठीच्या अभिमानापोटी लिहीत आहे असे कोणी समजू नये. इंग्रजी आपल्या मुलांना आलीच पाहिजे आणि उत्तम आली पाहिजे. १८८० साली पुण्यास शाळा काढताना चिपळूणकर-टिळकांनी तिचे नावच ‘न्यू इंग्लिश स्कूल’ ठेवले. त्यांच्या देशप्रेमात त्यामुळे काही उणे आले नाही. पुढल्याच वर्षी ‘केसरी’ मराठीत निघाला आणि ‘मराठा’ इंग्रजीत. माझी तक्रार आहे ती एवढीच, की ज्या पुस्तकांवर आपण पैसे आणि मुलांच्या रात्री खर्च करतो, ती आपल्या मुलांजवळ आधीपासून असलेल्या भांडवलाचा विचारच करीत नाहीत.

कोणी मला विचारले, तर मी लुईस यांचे पुस्तक घरात ठेवीन, धातूंची प्रकरणे आणि खोटारड्यांचे प्रकरण मन लावून वाचावयास सांगेन. स्वतःची शब्दशक्ती मोजण्याच्या चाचण्या वगळण्यास सांगेन. याद्यांचे पुस्तक घेऊ देणार नाही. हॉर्नबींच्या परंपरेतला एक चांगला कोश घेईन. आणि मोल्सवर्थ आणीन. पुण्याच्या शुभदा-सारस्वत प्रकाशनाने १९७५ साली त्याचे पुनर्मुद्रण केले, त्याच्या प्रती जुन्या ग्रंथसंग्रहांत आढळतात. शिकागो विद्यापीठाने तो संगणकावरही सर्वांना विनामूल्य खुला केला आहे, त्यामुळे मिळत नाही ही सबब उरलेली नाही. रविवारी दुपारी आजीने एक शब्द सांगावा, ‘चुळबुळ’ म्हणा, ‘लगबग’ म्हणा, ‘उष्टे’ म्हणा, नातवाने तो मोल्सवर्थमध्ये काढून इंग्रजी अर्थ मोठ्याने वाचावा, आणि तो जमला की फसला याचा निकाल आजीने द्यावा.